स्मृतीची भांडी : संगणकातील साठवण किती भरवशाची?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या मंडळाने एक स्तुत्य संकल्प सोडला आहे. गेल्या पन्नास वर्षांची इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या, गणेशोत्सवातील नाटकांची छायाचित्रे, हस्तलिखित अंक, पाहुण्या वक्त्यांच्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती हे सारे संगणकावर उतरवून काढायचे आणि तळहाताएवढ्या एका पेटीत सुरक्षित ठेवायचे, असा तो संकल्प आहे. त्याला जोडूनच दुसरी एक सूचना आली आहे. एकदा हे काम पुरे झाले की जुनी कपाटे रिकामी करावीत, कागद रद्दीत द्यावेत आणि त्या जागी वाचनालयाची मांडणी करावी, अशी ती सूचना. पहिल्या संकल्पाला माझा मनापासून पाठिंबा आहे. दुसऱ्या सूचनेबद्दल मात्र आपण सर्वांनी थांबून विचार करावा, असे मला वाटते. आजचे माझे बोलणे त्या विचारासाठी आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर. विजाणुशास्त्रावर अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत ज्याचे आयुष्य गेले, त्याला एक गोष्ट पुरती कळलेली असते. कागद जपणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ‘जपून ठेवले आहे’ व ‘हवे तेव्हा सापडते आहे’ या दोन विधानांत फार मोठे अंतर असते. त्या अंतराचा शोध घेत मी संगणकाच्या साठवणीविषयी जे वाचले व समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दांची फोड करू. संगणकाची ‘मेमरी’ आपण सरसकट म्हणतो, पण तिचे दोन प्रकार आहेत. एक कामापुरती स्मृती, जिला रॅम म्हणतात. ती शाळेतल्या पाटीसारखी. वीज गेली की पाटी कोरी. दुसरी कायमची साठवण. ती वहीसारखी. वीज असो वा नसो, लिहिलेले राहिले पाहिजे, ही तिच्याकडून अपेक्षा. ही वही कशाची बनवायची, हा प्रश्न संगणकाच्या जन्मापासून शास्त्रज्ञांना छळत आला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक कार्यान्वित झाला, आणि ज्याला पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले, त्याच्या पोटात फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्या तारांत ओवलेल्या होत्या. अशा स्मृतीत अवघे २,०४८ शब्द मावत. परदेशात १९५६ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांचे पहिले यंत्र काढले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सुमारे पन्नास लाख अक्षरे त्यात राहत. आज आपल्या खिशातल्या भ्रमणध्वनीतील एखादे छायाचित्रही तेवढी जागा घेते.

त्या तबकड्यांचीच वंशज म्हणजे हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि तिच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्याही एका लहानशा अंशाइतक्या उंचीवर वाचणारे टोक तरंगत असते. ते टोक तबकडीवर आदळले की सारे संपले. जिथे काही फिरते तिथे झीज आली, हे पोलाद कारखान्याच्या गावात कोणी कोणाला सांगायला नको. पण फिरणाऱ्या यंत्राचा एक गुण असतो. ते बहुधा कुरकुरते. बेअरिंग बिघडले की आवाज बदलतो, आणि जाणता फिटर तो आवाज ऐकून यंत्र थांबवतो. हार्ड डिस्कही पुष्कळदा मरणापूर्वी टकटक करते, मंदावते, मालकाला सावध करते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिची जागा सॉलिड स्टेट ड्राइव्हने, म्हणजे एसएसडीने घेतली. तिच्यात काहीही फिरत नाही. हादऱ्याने ती बिघडत नाही, आवाज करत नाही, आणि वेग तर विचारूच नका. हिच्या मुळाशी जी कल्पना आहे ती १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉन कांग व सायमन झी या दोघांनी मांडली. पुढे तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्याने १९८४ साली तिच्यातून ‘फ्लॅश’ स्मृती उभी केली. साठवलेले सारे एका झटक्यात पुसले जाते, ते त्याच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखे वाटले, म्हणून हे नाव पडले. नावात पुसण्याचा गुण आहे, टिकण्याचा नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ही स्मृती चालते कशी? कल्पना करा की एका फळीवर कोट्यवधी चिमुकले माठ मांडले आहेत. माठ भरला तर एक अर्थ, रिकामा असला तर दुसरा अर्थ. पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉन आणि मातीच्या जागी काचेसारख्या विद्युत्-रोधक पदार्थाचा अतिशय पातळ पापुद्रा. लिहायचे म्हणजे जोराच्या विद्युत्-दाबाने इलेक्ट्रॉन त्या पापुद्र्यापलीकडे ढकलायचे, पुसायचे म्हणजे ते परत ओढून काढायचे. पापुद्रा शाबूत असेतो आत गेलेले इलेक्ट्रॉन अडकून राहतात, आणि त्यालाच आपण ‘साठवण’ म्हणतो.

आता दोन अडचणी पाहा. पहिली ही की प्रत्येक भरण्या-उपसण्यात पापुद्रा थोडासा दुखावतो. भिलाईतील श्रोत्यांसाठी याहून जवळचा दाखला आहे. झोतभट्टीच्या आतले उष्णतारोधक विटांचे अस्तर प्रत्येक दिवसागणिक थोडे थोडे खाल्ले जाते. म्हणून ते फुटण्याची वाट न पाहता भट्टी ठरल्या वेळी बंद करून ‘कॅपिटल रिपेअर’ केले जाते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून हा शिरस्ता या गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. फ्लॅशच्या पापुद्र्याची मात्र दुरुस्ती होत नाही.

दुसरी अडचण लोभातून आली. सुरुवातीला एका माठात एकच खूण असे : भरलेला किंवा रिकामा. मग स्वस्ताईसाठी एकाच माठावर चार खुणा आखल्या गेल्या, पुढे आठ, आणि आता सोळा. त्याच माठात अधिक मजकूर मावू लागला, पण एका खुणेतून दुसरीत घसरायला पाण्याचे किंचित पाझरणेही पुरेसे होऊ लागले. स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या पेटीचे रहस्य पुष्कळदा या दाट आखणीत असते.

मग या पेट्या लवकर झिजतात काय? येथे न्यायाने बोलले पाहिजे. पेटीतील नियंत्रक चतुर असतो. तो एकाच माठावर भार पडू देत नाही. पाळीपाळीने सगळ्यांना कामाला लावतो. एक टेराबाइटच्या घरगुती पेटीवर कंपन्या सुमारे ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी देताना आढळतात. रोज वीस गिगाबाइट लिहिले, आणि आपल्या घरांत तेवढे सहसा लिहिले जात नाही, तरी ती मर्यादा गाठायला तीस हजार दिवस, म्हणजे बावीसशे नव्हे, दोनशे नव्हे, परंतु तब्बल ब्याऐंशी वर्षे लागतील. तेव्हा ‘लिहून लिहून एसएसडी झिजते’ ही भीती घरगुती वापरापुरती फारशी खरी नाही.

आणि तरीही या पेट्या बंद पडतात. का? २०१६ साली टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी गूगल कंपनीच्या तज्ज्ञांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीच्या केंद्रांत सहा वर्षे प्रत्यक्ष राबलेल्या पेट्यांची नोंद त्यात तपासली होती. त्यातले तीन निष्कर्ष आपल्या कामाचे आहेत. पहिला, किती लिहिले एवढ्यावरच पेटीची प्रकृती ठरत नाही. वापर बाजूला ठेवला तरी तिचे नुसते वयही दोष वाढवते. दुसरा, हार्ड डिस्कच्या मानाने या पेट्या बदलाव्या लागण्याचे प्रमाण कमी होते. तिसरा निष्कर्ष मात्र आपल्यासारख्या संग्राहकांना विचारात पाडणारा आहे. पहिल्या चार वर्षांत किमान एकदा तरी काही मजकूर कायमचा वाचता न येणे, हे निरनिराळ्या नमुन्यांत शेकडा वीस ते त्रेसष्ट पेट्यांच्या वाट्याला आले होते. पेटी जिवंत, पण तिच्यातले एखादे पान हरवलेले. रोज बदलणाऱ्या व्यवहारात ही हानी खपून जाईल. पण ते पान जर मंडळाच्या पहिल्या सभेच्या इतिवृत्ताचे असेल तर?

झिजेहून मोठा शत्रू पेटीच्या मेंदूत दडलेला असतो. नियंत्रक मजकूर सतत इकडून तिकडे हलवत असल्यामुळे कोणते अक्षर कोणत्या माठात आहे, याची एक यादी त्याला ठेवावी लागते. ग्रंथालयाचे सूचिपत्र जळाले आणि पुस्तकांच्या पाठीवरची नावेही पुसली, तर लाखो पुस्तके जागच्या जागी असूनही ग्रंथालय संपते. तशीच ही गत. ऐन लिहिताना वीज गेली आणि ती यादी अर्धवट राहिली, तर पेटी संगणकाला ओळखही देत नाही. मोठ्या केंद्रांसाठी बनवलेल्या पेट्यांत अशा क्षणी तग धरण्यापुरती वीज साठवणारे भाग असतात. घरगुती पेट्यांत ते बहुधा नसतात. संगणकाला यूपीएस जोडणे आणि पेन ड्राइव्ह उपटून न काढता रीतसर बाहेर काढणे, या दोन सवयींना म्हणूनच महत्त्व आहे.

कधी या मेंदूला दिलेल्या सूचनांतच चूक राहून जाते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या ग्राहकांना तातडीचे पत्र काढले. तिने विकलेल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे तीन वर्षे, दोनशे सत्तर दिवस आणि आठ तासांनी, कायमच्या बंद पडणार होत्या, आणि आतील मजकूरही परत मिळणार नव्हता. सूचनासंच बदलणे हाच उपाय होता. ३२,७६८ हा आकडा संगणकवाल्यांना ताबडतोब ओळखू येतो. दोनला दोनने चौदा वेळा गुणत गेले की तो येतो. तास मोजणारा गणक त्या अंकापाशी ओसंडत असावा, असे जाणकारांनी ताडले. पुढे मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीने दुसऱ्या काही पेट्यांबाबत चाळीस हजार तासांचा असाच इशारा दिला.

या प्रसंगातील बोध तासांच्या आकड्यात नाही. मोठ्या कार्यालयांत एक पेटी गेली तर दुसरी असावी म्हणून जोड्या लावतात. पण एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच दिवशी सुरू केलेल्या, एकाच घडणीच्या दोन पेट्या असतील, तर असा दोष दोघींनाही एकाच घटकेला गाठणार. जुळी भावंडे एकमेकांची जामीन होऊ शकत नाहीत. दोन प्रती ठेवताना त्या दोन जातींच्या असाव्यात, हा धडा येथे मिळतो.

आता उष्म्याचा विचार करू, कारण तो आपल्या गावाचा विषय आहे. या पेट्यांच्या उद्योगात एक सर्वमान्य मानक आहे. त्यानुसार घरगुती एसएसडी, तिची लिहिण्याची मर्यादा संपत आली असताना, वीज न देता तीस अंश उष्णतेत ठेवली, तर मजकूर एक वर्ष टिकला पाहिजे. मोठ्या केंद्रांतील पेटीसाठी ही मुदत चाळीस अंशांना केवळ तीन महिने आहे. कोणी घाबरून जाऊ नये. हे आकडे झिजलेल्या पेटीचे आहेत. नवी पेटी याहून खूप अधिक काळ मजकूर सांभाळते. परंतु तत्त्व लक्षात घ्या. उष्णता जितकी जास्त, तितके माठ लवकर पाझरतात. आणि वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळिशीकडे धाव घेतो त्या आपल्या गावी, पत्र्याच्या कपाटात बंद करून विसरलेली एसएसडी म्हणजे ताम्रपट नव्हे. ताम्रपट जमिनीत पुरला तरी शतकांनंतर वाचता येतो. ही पेटी अधूनमधून जागी करावी लागते, तिला वीज पाजावी लागते, तिच्यातला मजकूर वाचून पाहावा लागतो.

येथपर्यंत साठवणीविषयी झाले. पण संगणक कोलमडला की दोष नेहमी साठवणीचाच असतो असे मानू नये. पडदा निळा झाला, यंत्र गोठले, आपोआप बंद होऊन सुरू झाले, की आपण ‘डिस्क गेली’ असा निकाल देऊन मोकळे होतो. प्रत्यक्षात कारणे अनेक असतात. वीजपुरवठा करणारी पेटी दमलेली असते. पंख्यात धूळ साचून आतला भाग तापतो. जोडणीची पट्टी सैल होते. रॅमच्या एखाद्या भागात दोष असतो. आणि पुष्कळदा सारे यंत्र धडधाकट असून त्यावर चालणारी एखादी आज्ञावलीच चुकलेली असते.

याचे ठळक उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक लहानशी सुधारणा पाठवली. तिच्यात दोष होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक एकाच दिवसात कोसळले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एकाही पेटीची झीज झाली नव्हती, एकाही तबकडीला ओरखडा पडला नव्हता. संगणक सुरक्षित राहावा म्हणून नेमलेल्या रखवालदाराच्याच हातून दार बंद झाले. अशा वेळी कामाला आले ते काय? कागद आणि लेखणी.

काही कारणे तर आकाशातून येतात. १९७८ च्या सुमारास इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरी वूड्स यांनी दाखवून दिले की स्मृतीच्या तुकड्यांना जे आवरण घालतात, त्यातील युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे कण स्मृतीतले शून्य-एक उलटवू शकतात. अवकाशातून येणारे विश्वकिरणही तेच करतात. डॉ. होमी भाभांनी १९३७ साली हाइटलर यांच्यासह ज्या विश्वकिरण-वर्षावाची मीमांसा केली, तो वर्षाव आज आपल्या टेबलावरच्या संगणकावरही होत असतो. बेल्जियममध्ये २००३ सालच्या निवडणुकीत एका उमेदवाराला अचानक ४,०९६ मते जास्त पडलेली दिसली. ती शक्यच नव्हती म्हणून चूक पकडली गेली. मतमोजणीच्या यंत्रात एक अंक उलटला होता, आणि विश्वकिरण हे त्याचे संभाव्य कारण सांगितले गेले. हिशेब दुसऱ्या मार्गाने ताडून पाहण्याची सोय होती, म्हणून सत्य कळले. ही सोय ठेवणे महत्त्वाचे.

आपल्या महाराष्ट्रातील एक घटना मला या सर्वांत अधिक बोलकी वाटते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालवले गेले. देशातील या मोठ्या बाजारात तयारीची उणीव नव्हती. मुख्य केंद्राला जवळच दुसरे केंद्र जोडलेले होते, चेन्नईत तिसरे केंद्र होते, दुव्यांसाठी दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्या नेमल्या होत्या. पुढे दिलेल्या खुलाशात एक्स्चेंजने सांगितले की रस्त्यालगतच्या खोदकामामुळे दोन केंद्रांमधले दुवे बिघडले. वास्तविक दुवे तुटले तरी मुख्य केंद्राने चालत राहायला हवे होते. परंतु मजकूर साठवणारी जी सामायिक यंत्रणा होती, ती त्या क्षणी अपेक्षेप्रमाणे वागली नाही, संगणकांना ती हाती लागेना, आणि जोखीम मोजणारी व्यवस्थाच खुंटली. जोखीम मोजता येत नसताना बाजार चालू ठेवणे धोक्याचे, म्हणून तो थांबवला गेला.

पाहा, प्रत्येक वस्तू दुहेरी होती. पण त्या दुहेरी वस्तू एकमेकींशी अशा गुंतल्या होत्या की एकीचे दुखणे दुसरीला बाधले. घरात आपण हीच व्यवस्था लहान प्रमाणावर करतो. भ्रमणध्वनीतील छायाचित्रे आपोआप दुसरीकडे उतरतात, आपण निर्धास्त होतो. नातवाने खेळता खेळता एखादे छायाचित्र पुसले की त्याच दुव्याने दुसरीकडचेही पुसले जाते. ते प्रतिबिंब होते, प्रत नव्हे. आरशासमोरून माणूस उठला की आरशातलाही उठतो.

प्रत म्हणजे काय, हे आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, ही कथा आपण सर्व जाणतो. त्या तरल्या, यामागे श्रद्धेचा भाग आहे आणि त्यावर बोलण्याचे हे स्थळ नव्हे. पण संताजी जगनाड्यांनी आपल्या हाताने उतरवलेल्या वह्या निराळ्या घरी जपल्या गेल्या, आणि वि. ल. भावे यांनी पुढे त्यांच्या आधारे गाथेची आवृत्ती काढली, हा इतिहास आहे. शिवाय वारकऱ्यांच्या मुखी अभंग होतेच. म्हणजे मूळ वही, दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या हातची प्रत, आणि कागदाहून अगदी वेगळ्या जातीची साठवण म्हणजे कंठ. आजचे संगणकतज्ज्ञ जो नियम सांगतात, तो नेमका हाच आहे : तीन प्रती ठेवा, त्या दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर ठेवा, आणि एक तरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा. दुसरी जागा का, हे पुण्याच्या लोकांना १२ जुलै १९६१ रोजी कळले. पानशेतचे धरण फुटले, त्या दिवशी नदीकाठच्या घराघरांतील दस्तऐवज आणि छायाचित्रे गढूळ पाण्यात गेली. एकाच घरातल्या दोन प्रती त्या पाण्यापुढे सारख्याच.

आता मंडळाच्या संकल्पाकडे वळतो. संगणकीकरण अवश्य व्हावे, आणि ध्वनिफितींचे तर सर्वांआधी व्हावे. त्या फिती पावसाळ्यातल्या बुरशीने खराब होत आहेत आणि त्या वाजवणारी यंत्रेही घरांतून नाहीशी होत चालली आहेत. कागदालाही वाळवी आहे, आम्लता आहे, पाणी आहे. कागद अमर आहे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की कागद आणि एसएसडी यांची मरणाची रीत निरनिराळी आहे. कागद कडेने कुरतडला जातो, पिवळा पडतो, आणि निम्मा गेला तरी निम्मा वाचता येतो. एसएसडी बहुधा काल होती आणि आज नाही. शिवाय तिच्यातून पुसलेला मजकूर हार्ड डिस्कप्रमाणे उकरून काढणेही फार कठीण, कारण रिकामे झालेले माठ ती लवकरच स्वतः उपसून टाकते. दोघांची मरणाची रीत वेगळी आहे, म्हणूनच ते एकमेकांचे जामीन होऊ शकतात.

केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत फायलींची वर्गवारी कित्येक वर्षे चालत आली. त्यातील सर्वांत मोलाचा जो पहिला वर्ग, त्याचा शेरा ‘जतन करा आणि सूक्ष्मचित्रण करा’ असा असे. त्यातील ‘आणि’ या अक्षरांकडे मी आपले लक्ष वेधतो. सूक्ष्मचित्रण करून मूळ टाकून द्या, असे तेथे म्हटलेले नाही. जे जितके मोलाचे, तितक्या जास्त ठिकाणी ते असावे, असा त्याचा अर्थ.

म्हणून माझ्या सूचना अशा. इतिवृत्ते, घटना, सभासदांच्या मूळ नोंदी आणि निवडक छायाचित्रे यांचे कागद कोणत्याही परिस्थितीत रद्दीत जाऊ नयेत. किराणा-मांडवाच्या जुन्या पावत्या खुशाल जाव्यात. सगळेच जपणारा शेवटी काहीच जपत नाही. संगणकावरील प्रती तीन असाव्यात. एक एसएसडीवर रोजच्या वापरासाठी, दुसरी हार्ड डिस्कवर, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या वेळी घेतलेली, आणि तिसरी या गावाबाहेर. आपल्यापैकी निम्म्या घरांची सोयरीक नागपुराशी आहे. एखाद्या विश्वासू कुटुंबाकडे ती पेटी सहज राहील. अविश्वसनीय स्वस्त पेट्या घेऊ नयेत. आत लहान साठवण असून मोठी असल्याचे संगणकाला खोटे सांगणारे पेन ड्राइव्ह बाजारात मिळतात. आणि कंपनीच्या हमीचा अर्थ नीट समजून घ्यावा. हमीच्या मुदतीत पेटी बिघडली तर कंपनी नवी पेटी देते. आतली छायाचित्रे देत नाही.

प्रती ठेवणे हे अर्धेच काम. त्या उघडून पाहणे हे उरलेले अर्धे. या गावात १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी प्रत्येक यंत्राला हार पडतो, आणि सहा महिन्यांनी आपला गुढीपाडवा येतो. या दोन दिवशी मंडळाच्या दोन सभासदांनी तिन्ही पेट्या संगणकाला जोडाव्यात, त्यांतील काही फायली खरोखरच उघडून पाहाव्यात, आणि तारीख घालून वहीत सही करावी. रुळाच्या आत दडलेली भेग ध्वनिलहरींनी तपासल्याशिवाय या कारखान्यातून रूळ बाहेर पडत नाही. तोच कायदा आपल्या आठवणींना लावू. दर पाच-सहा वर्षांनी, पेटी चालत असतानाच, सारा मजकूर नव्या पेटीवर न्यावा. त्याला आपले ‘कॅपिटल रिपेअर’ म्हणा.

शेवटची सूचना यंत्राची नाही, माणसांची आहे. छायाचित्रांत जी माणसे आहेत, त्यांची नावे सांगू शकणारे आता थोडेच उरले आहेत. कोणत्या साली कोणते नाटक झाले, स्त्री-भूमिका कोणी केली, पडदे कोणी रंगवले, हे ज्यांना आठवते त्यांच्याजवळ बसून नावे आधी लिहून घ्यावीत. पेटी कितीही भरवशाची मिळाली, तरी नाव नसलेला चेहरा ती जपेल आणि तो कोणाचा हे कोणालाच सांगता येणार नाही. ही साठवण सर्वांत नाजूक आहे, तिची दुसरी प्रत नाही, आणि तिच्यासाठी पाडव्याची वाटही पाहता येणार नाही.

आपल्या मुलांपैकी बहुतेकांचा जन्म येथला. त्यांचे आजोबा सातारा, अमरावती, रत्नागिरी, जळगाव अशा गावांतून या लाल मातीत का आले आणि येथे त्यांनी काय उभे केले, हे त्यांना सांगणारे दप्तर दुसऱ्या कोणत्याही कार्यालयात नाही. ते आपल्या या कपाटांतच आहे. वाचनालयाला जागा अवश्य करावी. पण जागा करताना हे दप्तर बाहेर जाऊ नये. कार्यकारिणीने येत्या सभेत यावर ठराव करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.